डेट विथ दाते

ऑफिसात माझी ओळख काय, तर ‘ती एक्सेलवाली’. कुणाचा पिव्होट बिघडला, कुणाचा व्हीलुकअप रुसला, कुणाच्या तारखांच्या जागी नुसतेच हॅश दिसायला लागले, की मंडळी माझ्या डेस्कपाशी हजर. एक कॉफी दिली की मी प्रॉब्लेम सोडवते. दोन दिल्या तर शिकवतेसुद्धा. आणि आजवर सगळ्यात जास्त कॉफी मी कशावर कमावली असेल, तर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखांवर.

आज तोच क्लास तुमच्यासाठी फुकट. फक्त एक अट. याच विषयात मी स्वतः कशी सपशेल नापास झाले, तेही ऐकून घ्यायचं.

तर सुरुवात अगदी बालवाडीपासून. सेलमध्ये एक तारीख टाका. सेलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात छोटासा चौकोन दिसतो. त्यावर कर्सर नेला की काळी अधिकची खूण येते. ती धरून खाली ओढा. रोजची एक तारीख, खटाखट. दर सोमवारच्या मीटिंगच्या तारखा हव्यात? दोन सोमवार खालीवर टाइप करा, दोन्ही सिलेक्ट करा आणि मग ओढा. एक्सेलला कळतं की मॅडमना सात दिवसांची उडी हवी आहे. आणि माऊसचं उजवं बटण दाबून ओढलंत तर सोडल्याबरोबर मेन्यूच उघडतो : दिवस भरू, शनिवार-रविवार वगळून भरू, महिने भरू की वर्षं भरू? निम्म्या ऑफिसला हा मेन्यू माहीतच नसतो. माझी पहिली कॉफी इथेच सुटते.

दुसरी कॉफी महिनाअखेरीची. ही मात्र मी स्वतः ठेच खाऊन कमावली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला पेमेंटचं शेड्यूल करायला दिलं होतं, दर महिन्याच्या शेवटच्या दिवसाचं. मी ३१ जानेवारी टाइप केली, खालच्या सेलमध्ये ‘वरच्या तारखेत एक महिना मिळव’ असं ईडेटचं फॉर्म्युला टाकलं, आणि ऐटीत खाली ओढलं. फेब्रुवारीत २८ आली, बरोबर. मार्चमध्येही २८. एप्रिल २८, मे २८. अहो, येणारच! मार्चच्या सेलला ३१ ठाऊकच नाही. त्याने फक्त वरच्या सेलकडे पाहिलं आणि वर २८ होती. एकदा फेब्रुवारीतून गेलेली तारीख पुन्हा लांब होत नाही. समोरची पार्टी तीन तीन दिवस आधी पैसे मिळतात म्हणून खूश, आणि आमच्या फायनान्सला कळेपर्यंत ऑगस्ट उजाडला. उपाय साधा आहे. प्रत्येक महिना वरच्या सेलवरून न मोजता पहिल्या तारखेवरून मोजायचा, तो सेल डॉलरच्या चिन्हांनी लॉक करून. नाहीतर सरळ ईओमंथ वापरायचं, ते महिन्याचा शेवटचा दिवसच देतं.

तिसरी कॉफी परदेशी क्लायंटची. त्यांची फाइल येते, त्यात ०५/०९ लिहिलेलं. आपण वाचतो ५ सप्टेंबर, त्यांच्या मनात असतं ९ मे. गंमत म्हणजे तारीख १२ च्या पुढची असली तर आपलं मशीन तिला तारीख मानतच नाही, नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. अर्धा कॉलम चुकीच्या तारखांचा आणि अर्धा तारीखच नसलेला. ओळखायचं कसं? अलाइनमेंट कुणी बदललं नसेल तर खरी तारीख सेलच्या उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डावीकडे. एवढं पाहिलं तरी अर्ध्या चुका सापडतात.

आता थिअरी, दोनच मिनिटं. एक्सेलच्या सेलमध्ये तारीख नसतेच मुळी, तिथे एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून रोज एक वाढवत जायचा. ५ सप्टेंबर २०२५ म्हणजे ४५,९०५. तुम्ही जे ‘०५-सप्टें’ किंवा ‘शुक्रवार’ बघता ते त्या आकड्याचे कपडे. फॉरमॅट बदलला की कपडे बदलतात, आतला माणूस तोच. फॉरमॅट सेल्समध्ये जाऊन लोकेल मराठी केलं तर ‘फ्रायडे’चा शुक्रवारही होतो. आणि इतक्या हुशार सॉफ्टवेअरच्या पोटात एक जुनी चूक अजून आहे. त्याच्या मते २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस उजाडला होता. १९०० हे लीप वर्ष नव्हतंच! लोटस १-२-३ नावाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती. त्याच्या फाइली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलने ती मुद्दाम तशीच घेतली, आणि नंतर कुणी काढायला धजावलं नाही. आपल्या ऑफिसातली काही रजिस्टरं आठवली ना? तसंच.

हा झाला क्लास. आता नापास झाल्याची गोष्ट.

माझी एक पर्सनल शीट आहे, नाव ‘घर’. मी पुण्यात, आई आणि धाकटा भाऊ सोलापुरात. त्या शीटमध्ये सगळं आहे. फ्लॅटचं भाडं, गाडीचा ईएमआय, आईच्या बीपीच्या गोळ्या, भावाच्या फीचा हप्ता, सगळ्यांचे वाढदिवस. ही सवय बाबांची. बाबा एलआयसीचे एजंट होते. दरवर्षी नवी काळी डायरी, त्यात कुणाचा हप्ता तिमाही, कुणाचा सहामाही, कुणाचा वार्षिक, सगळं हाताने लिहिलेलं. ‘हप्ता चुकला तर माणसाचं नुकसान, आठवण केली नाही तर माझं पाप,’ म्हणायचे. मी कॉम्प्युटरवर तारखा ओढून दाखवल्या तेव्हा चष्मा वर करून बघत राहिले होते. ‘एवढं सोप्पं?’ इतकंच म्हणाले.

बाबा गेले २७ सप्टेंबर २०२३ ला. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आमच्या गल्लीतल्या मंडळाने ढोल न वाजवता मिरवणूक नेली, एवढंच मला त्या दोन दिवसांतलं स्पष्ट आठवतं.

पुढे जानेवारीत कधीतरी मी ‘घर’ उघडली. बाबांच्या नावाची ओळ टाकली, २७ सप्टेंबर २०२३. उजव्या बटणाने ओढलं, ‘वर्षं भरा’. २०२४, २०२५, २०२६, खाली २०५० पर्यंत. दोन सेकंदांचं काम. शेजारच्या कॉलममध्ये वार काढला. २०२४ मध्ये शुक्रवार! रजा एकच टाकायची, शनिवार-रविवार जोडून मिळणार. आईला फोन केला, ‘आई, बाबांच्या वर्षश्राद्धाला मी सत्तावीसला येतेय गं. शुक्रवार आहे.’ आई जरा थांबली. मग म्हणाली, ‘बरं. ये.’

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार. सकाळी साडेदहाला मी मीटिंगमध्ये, भावाचा व्हिडिओ कॉल. मी कट केला. पुन्हा आला. बाहेर जाऊन घेतला तर स्क्रीनवर आमचं स्वयंपाकघर, आई सोवळ्यात, गुरुजी पाटावर. भाऊ हळू आवाजात म्हणाला, ‘ताई, सुरू करतायत. तुला निदान बघता यावं म्हणून लावलाय.’

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. कळलं तेव्हा मी लिफ्टच्या शेजारच्या जिन्यात उभी होते. पाऊण तास तिथेच उभी राहिले. मध्येच नेटवर्क जायचं.

रात्री आईशी बोलले. ‘मला सांगितलं का नाहीस?’ तर म्हणते, ‘अगं, मला वाटलं तुला सोळाला रजा मिळंना झाली असंल. म्हणून सत्तावीस म्हणालीस. पितृपक्षच असतोय तेव्हा, चालतंय म्हटलं. कशाला उगं तुला कोड्यात टाकायचं?’

म्हणजे आठ महिने आई समजत होती की पोरीला नोकरी मोठी झाली. आणि मी समजत होते की मी तारीख पाठ करून ठेवली आहे. दोघींनीही विचारलं नाही.

श्राद्ध तारखेला नसतं, तिथीला असतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं की! लहानपणापासून माहीत आहे. आजोबांचं श्राद्ध दरवर्षी वेगळ्या तारखेला यायचं, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पण माऊस हातात आला आणि खाली ओढता आलं, की ‘यात नक्की काय रिपीट होतंय?’ हा प्रश्नच डोक्यात येत नाही. सेल भरले म्हणजे बरोबर भरले असं वाटतं. ३१ जानेवारीवालीच चूक, फक्त या वेळी फायनान्सकडून फोन येणार नव्हता.

रजा मंजूर होतीच, म्हणून २६ च्या संध्याकाळची हुतात्मा पकडली. सोलापूरला उतरले, घरी गेले. आईने कडक भाकरी, शेंगाचटणी, दही समोर ठेवलं, आणि एक शब्द बोलली नाही. सकाळी मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, आई, पंचांग आण. आपण नीट भरू.

आता आमच्या गावात पंचांग म्हणजे दाते. शंभराहून जास्त वर्षं हे पंचांग सोलापुरातून निघतंय. नानाशास्त्री दात्यांनी सुरू केलं, पुढे धुंडिराजशास्त्री, आता मोहन दाते. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतल्या मुंजी, लग्नं, श्राद्धं आमच्या गावातल्या आकडेमोडीवर ठरतात, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. माझ्या दिल्लीच्या फ्लॅटमेटने एकदा इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘डेट पंचांग’ असं वाचलं होतं. म्हणाली, ‘व्हॉट अ नेम, यार! कुठल्या एजन्सीने ब्रँडिंग केलंय?’ मी हसून हसून लोळले. पण खरं सांगू, तिने वाचलं तेही चुकीचं नव्हतं.

आईने पान उघडलं आणि मी चक्रावले. ही तर शीटच होती! दिवसाला एक ओळ. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, ही पाच अंगं कॉलमने. तिथी किती वाजून किती मिनिटांनी संपते तेही दिलेलं. फरक एवढाच, की इथे कुणीही काहीही खाली ओढलेलं नाही. प्रत्येक सेल स्वतंत्र गणित करून भरलेला.

कारण चंद्र आपल्या फिल सीरिजमध्ये बसत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी. चंद्राचा वेग सारखा नाही, म्हणून कुठली तिथी १९-२० तासांत उरकते, कुठली २६ तास रेंगाळते. एखादीच्या वाट्याला सूर्योदयच येत नाही, तिचा क्षय. एखादीला दोन सूर्योदय मिळतात, तिची वृद्धी. बारा चांद्रमहिन्यांचे होतात साधारण ३५४ दिवस. म्हणजे दर वर्षी अकराएक दिवसांची उधारी. ती वाढत गेली की साधारण ३२-३३ महिन्यांनी एक जास्तीचा महिना घालून हिशोब चुकता करायचा. तो अधिक मास.

विश्वास नसेल तर गणेश चतुर्थी घ्या. २०२२ मध्ये ३१ ऑगस्ट, २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट, २०२६ मध्ये १४ सप्टेंबर. पाचही तारखा सेलमध्ये टाकून वजाबाकी करा. ३८४, ३५४, ३५४, ३८३. आता बोला, कुठला पॅटर्न ओढणार? २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणून ते दोन आकडे लांबलचक. बाबा गेले ते वर्ष नेमकं अधिक मासाचं. त्यामुळे पुढच्या वर्षी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी अकरा दिवस अलीकडे सरकली, २७ वरून १६ वर.

मी हट्टी आहे. म्हटलं, पॅटर्न असेलच. आणि आहे! १९ वर्षांत जवळजवळ बरोबर २३५ चांद्रमहिने बसतात, म्हणून १९ वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात. २००५ ची गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२४ चीही. २००६ ची २७ ऑगस्ट, २०२५ चीही. मी टाळीच वाजवली. मग २००४ पाहिलं, १८ सप्टेंबर. आणि २०२३ ला १९. एका दिवसाने हुकलं. एका दिवसाने हुकण्याची किंमत मी नुकतीच अकरा दिवसांनी मोजली होती. लॅपटॉप बाजूला ठेवला.

(तुम्ही म्हणाल, नेटवर पन्नास वर्षांच्या तिथ्या मिळतात. मिळतात. फक्त साइट कुठल्या शहराच्या सूर्योदयावर चालली आहे ते आधी बघा. अमेरिकेतलं गाव सिलेक्ट राहिलं असेल तर दिवस बदलू शकतो.)

मग आई आणि मी शीटची नव्याने मांडणी केली. प्रत्येक ओळीपुढे एक नवा कॉलम : ‘काय रिपीट होतं?’ आणि उदाहरणं शोधायला सोलापूरच्या बाहेर जावंच लागलं नाही. १२ जानेवारी घ्या. १९३१ मध्ये त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मी ज्या गाडीने घरी आले तिचं नाव त्यांच्यावरूनच. ही तारीख. ‘वर्षं भरा’, बिनधास्त. त्याच आठवड्यात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, होम मैदानावरची गर्दी. ती संक्रांतीची, म्हणजे सूर्याची. सूर्य बराच शिस्तीचा, कधी १४ जानेवारी, कधी १५. २०२४ मध्ये संक्रांत १५ ला होती, २०२५ मध्ये १४ ला. तिथे ओढून चालतं, पण एकदा तपासायचं. आणि तिसरी बाबांची. चंद्राची. ती ओढायची नाही.

गंमत बघा, तुमच्या ऑफिसची शीटही हेच करते. कामाचे दिवस मोजणाऱ्या नेटवर्कडेजला शनिवार-रविवार आपोआप कळतात, दिवाळी कळत नाही. तिच्यासाठी सुट्ट्यांची वेगळी यादी द्यावी लागते, आणि ती यादी एचआरमधलं कुणीतरी दर वर्षी हाताने टाइप करतं. कुठे बघून? शेवटी पंचांगातूनच की!

मी २०२४ च्या पुढच्या सव्वीस ओळी सिलेक्ट केल्या आणि डिलीट दाबलं. आई बघत होती. म्हटलं, ‘चल, आता तू वाच, मी टाइप करते. पुढच्या वर्षीची त्रयोदशी कधी?’

आईने पंचांग मिटलं. ‘पुढच्या वर्षीची यात कशी असंल? हे पाडव्याला संपतंय की. नवीन आणल्यावर बघायचं.’

म्हणजे एवढा खटाटोप करून भरायला एकही ओळ नव्हती!

२०२५ चा पाडवा ३० मार्चला होता, रविवारी. मी आदल्या दिवशीच घरी पोचले. नवं पंचांग आईने आणून देवापाशी ठेवलं होतं. गुढी उभी केली, पूजा झाली, श्रीखंड-पुरी झाली, आणि आम्ही दोघी जमिनीवर बसलो. आई बोट ठेवून वाचत होती. भाद्रपद, शुद्ध, त्रयोदशी. ५ सप्टेंबर, शुक्रवार. मी टाइप केलं. कॉलम अरुंद होता, तारखेच्या जागी हॅश आले. आई म्हणाली, ‘ह्या काय रांगोळ्या काढल्यास?’ कॉलम रुंद केला. बॉसला रजेचा मेल तिथूनच टाकला, पाच महिने आधी.

५ सप्टेंबरला मी घरी होते. पाटावर भाऊ होता, वाढायला मी.

२०२६ ची ओळही तशीच भरली. २४ सप्टेंबर, गुरुवार. त्याखालचे सेल रिकामे आहेत. शीट उघडली की ते रिकामे दिसतात आणि हात शिवशिवतो. पण आईने मागच्या पाडव्याला निघताना सांगितलं आहे, ‘ते तसंच राहू दे. भरलंस तर पाडव्याला कशाला येशील?’